दुसऱ्या नंबरचा पगार

"ताई, वरच्या मजल्यावरच्या साताऱ्याच्या पोराचा आज इंटरव्ह्यू होता गो. काल रात्रीच सांगून गेला, मावशी, अकरा ते बारा मिक्सर लावू नका. मी म्हटलं, वाटण सकाळीच करून ठेवते बाबा, पण शेजारच्या कोंबड्याचं काय करू? तो काय माझं ऐकणार नाय."

मावशी करावे गावातल्या. त्या भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे. अलीकडे नवी मुंबईतल्या सीवूड्समधला सिडकोचा सेक्टर, पलीकडे गावठाण. भिंत बांधली तेव्हा म्हणे डोक्याएवढी होती. आमच्या बाजूच्या रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि आता ती कोपर टेकून बोलायला अगदी बेताची झाली आहे. आणखी दोनदा डांबर पडलं तर मधे काही उरायचंच नाही.

मावशींच्या सासरची शेती होती. नवं शहर वसवायला सिडको आली १९७० साली आणि जमिनी गेल्या. पुढे या शेतकऱ्यांसाठी दि. बा. पाटलांचं आंदोलन झालं, १९८४ साली जासईला गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मावशींच्या घरावर आज तीन मजले आहेत आणि तिन्ही मजल्यांवर आयटीतली पोरं. एका खोलीत तीन कॉट, कॉटला साडेसहा हजार, पाणी धरून, लाइट बिल वेगळं. "पूर्वी भात पिकवायचो, आता पोरं पिकवतो," असं त्या स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात.

तर सांगायचं म्हणजे, सीवूड्समध्ये आयटी कंपन्यांची खरी माहिती कुणाला असेल तर ती या मावशींना. जावा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही, पण 'बेंचवर बसवलाय', 'नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा', 'ऑफर आली पण जॉयनिंगची तारीख नाय' हे शब्द त्या भाजीच्या भावासारखे वापरतात. का नाही वापरणार? जॉयनिंगची तारीख पुढे गेली की पहिलं थकतं ते यांचं भाडं.

ठाण्याची गाडी धरली की कुठे कोण उतरतं हेही त्यांना पाठ आहे. घणसोलीला जिओवाले, कारण रिलायन्सचं कॉर्पोरेट पार्क तिथे. कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षा पकडणारे महापेचे, मिलेनियम बिझनेस पार्कवाले. आणि ऐरोली आली की डबा रिकामा, कारण माइंडस्पेस स्टेशनाला लागूनच. माझ्या तरुणपणी हा सगळा ठाणे-बेलापूर पट्टा रासायनिक कारखान्यांचा होता. गाडीतून जाताना नाकाला रुमाल लागायचा. आता वास गेला, काचा आल्या.

"मग कसा झाला त्याचा इंटरव्ह्यू?" मी विचारलं.

"कसा झाला विचारतेस? पोरगा खाली आला तो तोंड पाडून. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा. मागे चादर बांधलेली, दोरीवरचे कपडे दिसू नयेत म्हणून. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, घामाने शर्ट भिजलेला. मी म्हटलं, काय विचारलं रे? तर म्हणे, ऑफिसातला दुसऱ्या नंबरचा पगार कुणाचा ते शोधून काढा. आता मला सांग ताई, दुसऱ्या नंबरचा कशाला? पहिल्या नंबरचा साहेब कोण ते विचार ना! दुसऱ्याचं घेऊन काय करायचंय?"

मी हसत होते तेवढ्यात आमच्या विंगमधली तिसऱ्या मजल्यावरची खाली आली. तिचं नाव मी लिहीत नाही, तिचा मॅनेजर मराठी आहे. ऐरोलीच्या एका कंपनीत सोळा वर्षं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी घरून काम, त्यामुळे दुपारच्या मीटिंगमध्ये एका कानात इयरफोन आणि दुसरा कान भिंतीकडे. महिन्यातले दोन शनिवार ती मुलाखती घेते. टेबलाच्या पलीकडची बातमी आम्हाला तिच्याकडून मिळते.

"अहो काकू, तो प्रश्न जगातला सगळ्यांत जुना प्रश्न असेल," ती म्हणाली. "पगारांचा तक्ता असतो. त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायची क्वेरी लिहायची. मीसुद्धा विचारते."

"तूसुद्धा?" मावशी चिडल्याच. "मग तुमच्यामुळे माझा पोरगा जेवला नाय."

तिने माइक बंद असल्याची खात्री केली आणि आम्हा दोघींना तो प्रश्न समजावला. मला तो फार आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते. घाईतला पोरगा काय करतो? पगार मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने लावतो आणि दुसरी ओळ उचलतो. झालं उत्तर. पण समजा, वरच्या दोन साहेबांचा पगार सारखाच आहे. मग दुसऱ्या ओळीत पहिल्याच नंबरचा पगार येतो आणि उत्तर चुकतं. जरा मुरलेला पोरगा आधी सगळ्यांत मोठा आकडा काढतो आणि त्याहून लहान असलेल्यांतला मोठा शोधतो. ते बरोबर. "पण मला खरा आवडतो तो तिसरा," ती म्हणाली. "तो लिहायला सुरुवातच करत नाही. आधी मलाच विचारतो, मॅडम, दोघांचा पगार सारखा असेल तर काय धरायचं? आणि कंपनीत माणूसच एक असेल तर काय दाखवायचं? असा पोरगा आला की मी मनातल्या मनात त्याला घेतलेलंच असतं. पुढची वीस मिनिटं मी नुसत्या गप्पा मारते."

"म्हणजे उलटा प्रश्न विचारणारा हवा," मी म्हटलं.

"आणि आमच्या पोरांना घरी काय शिकवतात? मोठ्यांना उलट विचारू नये!" मावशी म्हणाल्या. या बाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या आहेत, हे मला मधून मधून विसरायला होतं.

आता साताऱ्याच्या पोराची कहाणी ऐका. त्याच्या पाच फेऱ्या. आधी गणित-इंग्रजीची परीक्षा, मग कोडिंग, मग टेक्निकल, मग मॅनेजर आणि शेवटी एचआर. यासाठी तो पाच महिने रात्री दीड-दोनपर्यंत जागून कोडी सोडवतोय. सरावाच्या वेबसाइटींवर असे हजारो प्रश्न. झाड उलटं करा, साखळी उलटी करा (ही माहिती मांडायच्या रचनांची नावं), कमीत कमी नाण्यांत सुटे पैसे द्या. आणि सध्याच्या नोकरीत तो काय करतो? एका परदेशी विमा कंपनीच्या तक्रारी येतात, त्यांना नंबर द्यायचा, जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादी अट बदलायची आणि शुक्रवारच्या आत तक्रार बंद झाल्याचं दाखवायचं. गेल्या दोन वर्षांत त्याला एकही झाड उलटं करावं लागलेलं नाही. नव्या नोकरीतही लागणार नाही.

याचा मला राग येतो. ज्याची परीक्षा घेता ते काम नाही आणि जे काम आहे त्याची परीक्षा नाही. तिसऱ्या मजल्यावरचीला हे पटतं, पण ती दुसरी बाजूही सांगते. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. सगळ्यांशी तासभर बोलायला माणसं कुठून आणणार? म्हणून आधी कोड्यांची चाळण लावतात. चाळणीतून बरे लोकही खाली पडतात, पण वाईट माणूस आत आला तर शिव्या खाव्या लागतात आणि चांगला बाहेर राहिला तर कुणाला कळतच नाही. ही मात्र खरी मेख आहे. मी बँकेत होते तेव्हा कर्ज नाकारताना आम्ही हेच करायचो.

आणि हे काही नवी मुंबईतच चालतं असं नाही. एकेकाळी मायक्रोसॉफ्टमध्ये म्हणे विचारायचे, गटाराची झाकणं गोल का असतात? गूगलचीही अशा कोड्यांबद्दल ख्याती होती. २०१३ साली त्यांच्याच मनुष्यबळ खात्याच्या प्रमुखाने, लास्लो बॉकने, कबूल केलं की असली कोडी म्हणजे शुद्ध वेळ घालवणं आहे. त्यातून काही कळत नाही, फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. २०१५ साली मॅक्स हॉवेल नावाच्या माणसाला गूगलने नापास केलं. त्याचं 'होमब्रू' हे सॉफ्टवेअर खुद्द गूगलचे इंजिनिअर वापरत होते. त्याने रागाने जाहीर सांगितलं की फळ्यावर झाड उलटं करता आलं नाही म्हणून मला घरी पाठवलं. हे मी सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "बघ, आमचा सातारकर मोठ्या माणसांच्या पंक्तीत बसला की!"

"पण काकू, मुलं काय कमी आहेत का?" तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली आणि मग तिने खास ठेवणीतला माल काढला.

व्हिडिओवर मुलाखत सुरू झाल्यापासून काय काय प्रकार. एकाचे ओठ हलायचे आणि आवाज अर्ध्या सेकंदाने मागून यायचा. म्हणजे खोलीत दुसराच कुणी बोलत होता आणि हा नुसता तोंड हलवत होता. एकाला तिने विचारलं, "कॅमेरा जरा डावीकडे फिरवता का?" तर त्याचं नेटच गेलं, ते आजतागायत आलेलं नाही. एकजण प्रत्येक प्रश्नावर "व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणायचा आणि नेमके आठ-दहा सेकंद घ्यायचा. त्याचे डोळे ओळीने डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. समोर एआय उत्तर टंकत होतं आणि हा वाचत होता. शेवटी तिने विचारलं, "जेवायला काय केलंय आज?" त्यालाही तो "व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणाला. आणि एका कंपनीत तर म्हणे मुलाखतीला एक चेहरा आणि पहिल्या दिवशी कामावर दुसराच. म्हणून आता मोठमोठ्या कंपन्याही मागे फिरल्यात. गूगलच्या सुंदर पिचाईंनीच २०२५ मध्ये सांगितलं, निदान एक फेरी समोरासमोर घेणार.

"म्हणजे साताऱ्याच्या पोराला बर्मुडा चालणार नाय," मावशींनी लगेच नोंद घेतली.

समोरासमोरच्या मुलाखतीवरून मला सुधा मूर्तींची गोष्ट आठवली. मावशींना ती ठाऊक नव्हती. १९७४ चं साल. त्या तेव्हा सुधा कुलकर्णी, बंगलोरला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होत्या. नोटीसबोर्डावर टेल्कोची जाहिरात आली, इंजिनिअर पाहिजेत, पण बायकांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. टाटांच्या कंपनीत असा भेद कसा, म्हणून. टेल्कोने पुण्याला मुलाखतीला बोलावलं, कंपनीच्या खर्चाने, आणि प्रश्न कसून तांत्रिकच विचारले. नोकरी मिळाली. पुढे १९८१ साली इन्फोसिस सुरू झाली तीही पुण्यात आणि त्यासाठीचे दहा हजार रुपये याच बाईंनी साठवलेले होते.

"एका पोस्टकार्डावर?" मावशींना विशेष वाटलं ते याचं. "आणि आमची पोरं दोनशे ठिकाणी अर्ज टाकतात, एकाचंही उत्तर येत नाय."

हे मात्र अगदी खरं. नकार कळवायचीही पद्धत राहिलेली नाही. मी बँक भरती मंडळाची, म्हणजे बीएसआरबीची, परीक्षा देऊन बँकेत लागले. नापास झालेल्यांनाही तेव्हा कळायचं की आपण नापास झालो. आता चार फेऱ्या झाल्यावर एचआरची बाई फोनच उचलत नाही आणि पोरगं रोज सकाळी उठून मेल बघतं. इंटरव्ह्यूनंतर नाही म्हणण्यापेक्षा हे न सांगणं जास्त लागतं. मावशींकडच्या जळगावच्या पोराने तर एका कंपनीची दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि मग तीच जागा पुन्हा जाहिरातीत दिसली.

बरं, ऑफर आलीच तर त्यातही खुबी आहे. मागे एकदा मावशींकडच्या एकाला पत्र आलं, वर्षाला ३ लाख ६० हजार. पोरगं नाचायला लागलं. मावशींनी ते पत्र भिंतीवरून माझ्याकडे दिलं, "तू बँकेतली, बघ काय ते." मी लाइट बिलाच्या मागे हिशेब मांडला. महिन्याचे कागदावर ३०,०००. त्यात 'व्हेरिएबल' म्हणजे कंपनीची मर्जी असेल तर वर्षाअखेर मिळणारे ३,०००, ते बाजूला. मालकाच्या हिश्शाचा प्रॉव्हिडंट फंड १,८००, तोही पोराच्याच पगारात धरलेला. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे १५,००० वर ७२१. ही पाच वर्षं टिकलात तर मिळणार आणि आयटीतलं पोरगं एका जागी पाच वर्षं बसतं का? विम्याचे ५००. आता पोराच्या स्वतःच्या हिश्शाचा फंड १,८०० आणि व्यवसाय कराचे २००, फेब्रुवारीत ३००. हातात उरले २१,९७९. बावीस हजारांना एकवीस रुपये कमी. मुलगी असती तर ते व्यवसाय कराचेही वाचले असते, कारण २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. पोरगं हिरमुसलं. मावशींनी मात्र आधी त्यातून साडेसहा हजार वजा करून पाहिले आणि मग पेढा घेतला.

मोठ्या कंपन्यांचा नव्या पोरांचा हा आकडा गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय. दहा-बारा वर्षांपूर्वी सीवूड्स स्टेशनवर मॉल नव्हता, उरणला लोकल नव्हती, आणि कॉटचं भाडंही साडेसहा हजार नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच असतं की कंपनी तुमची चौकशी करते तशी तुम्ही कंपनीची करा. सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे लोक गावात जाऊन विचारपूस करतात की नाही? इथे सगळी चौकशी एकाच बाजूची. पोराच्या शिक्षणाचे दाखले, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, जुन्या साहेबाला फोन, फंडाच्या एका नंबरावरून आधी कुठे कुठे नोकऱ्या केल्या त्याची कुंडली. एकाच वेळी दोन ठिकाणी पगार घेत असेल तर तेही फंडाच्या खात्यावर उमटतं. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं ते असं दुसरीकडे काम करताना सापडले म्हणूनच. ठीक आहे, कंपनीने तपासावं. पण आमच्या पोराने साधं विचारलं की साहेब, या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले, तर एचआरच्या बाईच्या कपाळाला आठी.

आणि इथे मावशींचं खातं कामाला येतं. त्यांचा भाचा एका कंपनीची गाडी चालवतो, रात्रपाळीच्या लोकांना घरी सोडायची. संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर यादी येते, कुणाला किती वाजता कुठून उचलायचं. शेवटची उतरणारी बाई असेल तर सोबत सुरक्षारक्षक. तर कोणत्या टीममधली माणसं रोज दीड वाजता निघतात, कोणता साहेब पोरांना थांबवून ठेवतो आणि कोणत्या मजल्यावरची नावं यादीतून एकेक करून गळायला लागली आहेत, हे त्याला एचआरच्या मेलच्या आधी कळतं. मागच्या पावसाळ्यात तो म्हणाला, "आत्या, त्या प्रोजेक्टात नको घालू कुणाला, माझी गाडी सात सीटवरून चारवर आली." मावशींनी नांदेडच्या पोराला सांगितलं. त्याने मॅनेजरच्या फेरीत सरळ विचारलं की प्रोजेक्ट किती दिवसांचा आहे. मॅनेजर गप्प बसला. पोराने ऑफर घेतली नाही. दोन महिन्यांनी त्या गाडीच्या चारही सीट रिकाम्या.

मला विचाराल तर भाच्याची ही माहिती कंपन्यांच्या चकचकीत जाहिरातींपेक्षा कितीतरी भरवशाची. कोणतीही कंपनी बाहेर सांगत नाही की आमच्याकडे दर वर्षी शंभरातल्या अमुक इतक्यांना खालचा शेरा द्यायचाच असं आधीच ठरलेलं असतं. टीममधले सगळेच चांगले असले तरी कुणालातरी वाईट ठरवावं लागतं. मग त्याला कामगिरी सुधारायचा कागद हातात देतात. तो कागद मिळालेला माणूस सुधारला असं आमच्या भिंतीवर तरी अजून कुणी ऐकलेलं नाही. तो दुसरी नोकरी शोधायला लागतो, कंपनीलाही तेच हवं असतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत इन्फोसिसच्या म्हैसूरच्या केंद्रातली तीनशेहून जास्त शिकाऊ पोरं काढली गेली. त्यांतली कित्येक २०२२ मध्येच निवडलेली होती, कामावर घ्यायलाच दोन वर्षं लावली आणि मग अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून बाहेर. तीन संधी दिल्या होत्या, असं कंपनीने सांगितलं. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ते प्रकरण केंद्राच्या कामगार मंत्रालयापर्यंत नेलं. जुलैमध्ये टीसीएसने साधारण १२ हजार माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, तेही मधल्या आणि वरच्या फळीतली. त्या आठवड्यात आमच्या सेक्टरमध्ये संध्याकाळचं फिरणं बंद पडल्यासारखं झालं होतं. जवळच्या तलावावर फ्लेमिंगो येण्याचे दिवस नव्हते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. पंचेचाळिशीतले पुरुष बाल्कनीत फोनवर हळू आवाजात बोलत होते आणि बायका ते बोलणं ऐकू येऊ नये म्हणून टीव्ही मोठा करत होत्या.

तिसऱ्या मजल्यावरचीने कानातला इयरफोन काढला. मीटिंग संपली असावी. थोडा वेळ भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "काकू, आमच्याकडेपण रिस्ट्रक्चरिंग आहे. मार्चपर्यंत. मीपण अर्ज टाकायला सुरुवात केलीय."

आम्ही दोघी गप्प. सोळा वर्षं एका जागी आणि महिन्याचे दोन शनिवार दुसऱ्यांच्या मुलाखती घेणारी ही बाई.

"एक फोन आला होता परवा," ती पुढे म्हणाली. "अठ्ठावीस-तीसचा मुलगा होता. मला म्हणाला, मॅम, साखळी उलटी करून दाखवा. मी गेली सात वर्षं कोड लिहिलेला नाही हो. मी तीस माणसांची टीम सांभाळते, क्लायंट रात्री अकराला ओरडतो तेव्हा त्याला शांत करते, पोरांच्या रजा, पोरांची लग्नं, कुणाचं मोडतंय, कुणाला बढती दिली नाही म्हणून कोण रडतंय, ते सगळं बघते. ते त्याने विचारलंच नाही. साखळी उलटी करा म्हणाला. माझा हात थरथरत होता. आणि मला काय वाटलं माहितेय? या मुलाला मीच कधीतरी घेतलं असतं आणि यानेही अगदी असंच केलं असतं, कारण मी तरी गेली दहा वर्षं काय विचारतेय?"

मावशी एवढं ऐकून थांबणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी तिथूनच वर हाक मारली, "ए सातारा! खाली ये!" तो आला. शर्ट तोच, खाली आता पायजमा. मावशींनी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे त्यांना जेवढं कळलं तेवढं: या बाईंना साखळी उलटी करायला शिकव, तुला येते ना?

पोरगं आधी लाजलं. मग म्हणालं, "येते की. पण मॅडमच शिकवतील मला, त्या एवढ्या सीनियर."

"मला मॅनेजरची फेरी शिकवा म्हणावं त्यांना," मावशी म्हणाल्या. "तुझी त्या घेतील, त्यांची तू घे. रात्री नऊला गच्चीवर. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. रविवारी दोघं माझ्याकडे जेवा, बोंबील आणलेत."

तिसऱ्या मजल्यावरची शाकाहारी आहे, पण ती त्या वेळी काही बोलली नाही. पोराने जरा धीर करून विचारलं, "मॅडम, आधी तुमचा रिझ्युमे बघू का?" तिने मोबाइलवर उघडून भिंतीवरून त्याच्या हातात दिला. तो बोटाने वर सरकवत राहिला, सरकवत राहिला.

"चार पानं आहेत, मॅडम. एक करावं लागेल. पहिल्या पानानंतर कुणी वाचत नाही."

"माझी सोळा वर्षं एका पानात?"

त्याने जरा विचार केला आणि दीड पान मंजूर केलं.